हिरव्या दोऱ्याचा नर

माझा थोरला जन्मला त्याच्या चौथ्या दिवशी मला दूध नव्हतं, पोर रडून रडून लाल झालं होतं, आणि दारात तीन पुरुषमाणसं एक वाळलेली मुशी उलटीपालटी करून ती नर की मादी ते बघत होती. हे मी सांगायला लागले की माझ्या सुना एकमेकींकडे बघून हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी पदरचं घालते. घालायची गरज काय? तेव्हाची पिंपरीच अशी होती. उघड्या माळावर कारखाना उभा राहिलेला, चहूकडून आलेली माणसं पत्र्याच्या खोल्यांत कोंबलेली, आणि प्रत्येकाला आपल्या गावचं काहीतरी इथं रुजवायची घाई.

आमचं गाव रत्नागिरीकडचं, समुद्राला लागून. हे कारखान्यात फिटर लागले आणि आम्ही स्टेशनजवळ दोन खोल्या घेतल्या. वर्षभरात मामंजीही आले. चाळीस वर्षं होडीवर काढलेला माणूस, पण गावाशी भांडून आला होता. भांडण जमिनीवरून नव्हे, बाईवरून नव्हे. मुशीवरून.

मुशी म्हणजे हातभर लांबीचा लहान शार्क. आमच्याकडे बाळंतिणीला हमखास खायला घालतात, दूध वाढतं म्हणून. एकदा मामंजींच्या जाळ्यात एकदम पुष्कळ मुशा आल्या, आणि वाळूवर पोटं फाडली तर एकजात सगळ्या गाभण. आतली पिल्लं जिवंत होती, नाळेसकट वळवळत होती. मामंजींनी ती ओंजळीनं उचलून पाण्यात सोडली. त्यातली किती जगली देव जाणे, पण त्या दिवसापासून त्यांनी गाभण्या मुशा धरायच्या नाहीत असं स्वतः ठरवलं, आणि गावानंही ठरवावं म्हणून घरोघर फिरले. गाव हसलं. शेजारच्या होडीवाल्यानं तर त्यांनी पिल्लं सोडली होती त्याच जागी मुद्दाम जाळं टाकलं. दोन-तीन वर्षांत मुशी कमी व्हायला लागली तशी लोकांनी मामंजींच्याच नावानं बोटं मोडली, की यानं अपशकुन केला. मग ते ट्रंक घेऊन आमच्याकडे आले.

पिंपरीत त्यांचं ऐकायला माणसं होती. सातारा, नगर, बीड, कुठकुठली. त्यांच्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. कारखान्यात तेव्हा नुकतीच युनियन आली होती आणि सगळ्यांनाच ठराव करायची खाज सुटलेली. रविवारी आमच्या ओट्यावर मामंजी सांगत बसायचे.

"बांगडा लाखांनी अंडी टाकतो, त्याचं कायच जात नाय. ही माणसागत पोटात वाढवते, नाळेवर. एका खेपेला आठ नायतर दहा. आईच धरलीस तर पुढल्या साली काय धरशील?"

बिडाकडच्या एकानं विचारलं, की ही विहिरीत सापडते का. पण मुद्दा त्याला पटला होता. त्यानं अनुमोदन दिलं, नगरच्या लोहारकामाच्या माणसानं ठराव मांडला, आणि समुद्रापासून इतक्या लांब, पवनेच्या काठी, मुशी संरक्षण मंडळ सर्वानुमते स्थापन झालं. मामंजी अध्यक्ष. अक्षर चांगलं म्हणून आमचे हे चिटणीस. नियम एकच: मादी मुशी विकत घ्यायची नाही, खायची नाही, घरात आणायची नाही. नराच्या पोटाखाली, मागच्या परांपाशी दोन बोटांसारखे दांडे असतात. मादीला नसतात. ज्यांना बैलाचं वय दात बघून कळत होतं त्यांनी हेही आठवड्याभरात शिकून घेतलं.

खरा वैताग झाला तो सुक्या मासळीच्या दुकानदाराला. तोही आमच्याच किनाऱ्याकडचा, मुसलमान, फार शांत गृहस्थ. महिन्यातून एकदा त्याच्याकडे गावाहून करंड्या यायच्या. आता गिऱ्हाईक दुकानात शिरलं की मुशी उताणी करून बघायला लागलं. मादी निघाली की त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचे, जणू त्यानंच तिला बुडवून मारली. एके दिवशी तो मामंजींना म्हणाला, "बाबा, ही मेली तेव्हा मी इथं गल्ल्यावर बसलो होतो. माझा काय गुन्हा?"

मामंजींचं म्हणणं, तू घेतलीस म्हणून त्यांनी धरली. त्यानं बिचाऱ्यानं गावच्या व्यापाऱ्याला पत्र घातलं, की यापुढे फक्त नर पाठवावेत. उलट टपाली उत्तर आलं, की समुद्र आमच्या सांगण्यातला नाही, डोकं ठिकाणावर असेल तर जे येईल ते घ्या. ते पत्र त्यानं दुकानात खिळ्याला लावून ठेवलं होतं.

आणि झालं भलतंच. मंडळ निघण्याआधी पिंपरीत मुशी खाणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. मंडळ निघाल्यावर सभासदांना वाटायला लागलं, की नर खाणं हे आपलं कर्तव्य आहे. ज्यांच्या घरात कधी सुकट शिजली नव्हती ते नाकाला फडकं लावून मुशीचं कालवण करायला लागले. करंडी आली की दोन दिवसांत नर संपायचे आणि माद्या पडून राहायच्या. मुशी वाचवायला निघालेल्या लोकांनी इतकी मुशी खाल्ली, की आमच्या गावानं खाल्ली नसेल. मी हे मामंजींना बोलून दाखवलं. ते म्हणाले, सुरुवातीला असंच होतं.

मला मेलीला दिवस गेलेले. माझी आई वारलेली, त्यामुळे माहेरचं बाळंतपण नाही. रहाटणीहून सुईण यायची, नदी ओलांडून. बाळंतपण नीट झालं, मुलगा झाला, मामंजींनी ओट्यावर गूळ वाटला. पण दूध उतरेना. दोन दिवस झाले, तीन झाले. सुईणीनं अळीव दिले, शतावरी दिली, पाठ शेकली. गाईचं दूध बोळ्यानं पाजलं तर पोरानं उलटून टाकलं. रडण्याचा आवाज आधी मोठा होता, मग बारीक झाला. मोठा आवाज मी सहन केला. तो बारीक झाला तेव्हा मात्र मी घाबरले.

सुईण म्हणाली, "तुमच्याकडं काय खात्यात त्ये खा बाई, पर खा. लाजू नगं."

मी ह्यांना म्हटलं, मुशी आणा. हे दुकानात गेले आणि रिकाम्या हातानं आले. नर संपले होते. माद्या सात होत्या. मी म्हटलं, मग मादी आणा. हे म्हणाले, मी चिटणीस आहे. त्या वेळी माझ्या हाताशी नुसता पाण्याचा तांब्या होता म्हणून हे वाचले.

एवढंच बोलले मी त्यांना, की तुमचं मंडळ नाळेवरच्या पिल्लांसाठी आहे ना, मग माझ्या नाळेवरचं कोण बघणार. हे उठून बाहेर गेले आणि डब्याच्या पिशवीत एक मादी घालून घेऊन आले. चोरून शिजवायची सोय नव्हती. मुशीचा वास तीन खोल्या ओलांडून जातो, आणि मंडळाच्या शिरस्त्याप्रमाणे घरात आलेली प्रत्येक मुशी अध्यक्षांनी बघायची असते. अध्यक्षांचं घर तर आधी.

बाळासाठी मी हिरव्या सुताचं दुपटं शिवत होते. सुई-दोरा उशालाच होता. डब्यात सुके बोंबील होते. मी एका बोंबलाचे दोन तुकडे कापले, बोटाएवढे, आणि त्या मुशीच्या पोटाखाली शिवले. कातडी कानसीसारखी खरखरीत. एक सुई मोडली. बाळंतीण बाई, मांडीवर उपाशी पोर, आणि मी मेलेल्या मुशीला नर करतेय. मला एकीकडे हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही थांबत नव्हतं. दुसऱ्या रंगाचा दोरा शोधायला उठायचं त्राण नव्हतं.

ह्यांनी ती बाहेर नेली. नशीब बघा, रविवार होता. ओट्यावर मामंजींबरोबर नगरचा आणि बिडाकडचा, दोघे बसलेले. बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, पण फटीतून मला सगळं दिसत होतं.

मामंजींनी मुशी शेपटीला धरली आणि उन्हात उताणी केली. ज्या माणसानं हजारो मुशा हातांखालून घातल्या त्याला कळायला किती वेळ लागणार? त्यांचा अंगठा त्या बोंबलाच्या तुकड्यांवरून फिरला आणि टाक्यावर थांबला. चेहरा हलला नाही. आत पोर रडलं, बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. मामंजींनी मान वर केली, दाराकडे बघितलं आणि पुन्हा मुशीकडे बघितलं.

"नर हाय," ते म्हणाले. "शिजवा."

नगरचा माणूस कामात चोख. तो वाकून बघत म्हणाला, "दादा, ह्याच्या दांड्याला हिरवा दोरा दिसतोय."

"ह्या जातीला असतो," मामंजी म्हणाले.

दोघांनी मान डोलावली. समुद्रात नाना जाती असतात, आणि त्यांनी कुठं समुद्र पाहिला होता.

सुईणीनंच ती भिजवली, शिजवली. तिनं जन्मात मुशी बघितली नव्हती. मी आतून सांगत होते, खोबरं वाट, लसूण घाल, मिरी जास्त, आमसूल अगदी एक. मी ताट चाटून पुसून खाल्लं. दूध दुसऱ्या दिवशी पहाटे उतरलं. मुशीनं उतरलं, की अळिवानं, की पोटभर जेवून निवांत झोपले म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. पोर मात्र प्यायलं आणि मी पहिल्यांदाच त्याचं तोंड नीट बघितलं.

पुढचे कित्येक महिने मंडळाचे लोक दुकानात हिरव्या दोऱ्याचा नर मागत होते. बिडाकडचा म्हणे, तो जास्त पौष्टिक असतो. दुकानदार शपथेवर सांगायचा, की असा नर नसतो. त्यावर नगरचा त्याला सुनावायचा, की तुम्हाला धंदा करून कळत नाही, आमच्या अध्यक्षांना विचारा. अध्यक्षांना विचारलं की ते म्हणायचे, फार दुर्मिळ जात आहे, एकच पाहिली.

माझ्याशी त्या मुशीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. सव्वा महिना झाला, मी घरभर हिंडायला लागले, त्यांचं ताट मीच वाढायला लागले. करंडी आली तसा ह्यांनी खरा नर आणला. मी मामंजींच्या आवडीचं कालवण केलं. त्यांनी वाटी बाजूला सारली. म्हणाले, दात दुखतात. पुढच्या महिन्यात केलं, तेव्हाही दात दुखत होते. तिसऱ्या महिन्यात मी केलं नाही, मला कळलं होतं. मुशीला काटा नसतो की हाड नसतं. बिनदाताच्या माणसालाही ती चावावी लागत नाही.

एकदाच मी विषय काढला. पोर त्यांच्या मांडीवर होतं. म्हटलं, मामंजी, चूक माझी होती, तुम्ही मुशी खायची का सोडलीत. त्यांनी पोराची बोटं सोडवली, त्यानं त्यांची मिशी धरली होती.

"चूक कसली गो. तुला मुशी हवीच होती. पण ती आय होती, आणि मी तिला नर म्हटलं. कोणीतरी सोडायला नको?"

थोरला वर्षाचा झाला तेव्हा त्याला पहिल्यांदा मुशी चाखवायची होती. मी नर भिजवून, मीठ काढून, फिका शिजवला. मामंजींनी वाटी मागून घेतली. बोटांनी बारीक बारीक धागे केले, एकेक फुंकर घालून त्याला भरवले. पोरगं हावरट, त्यांच्या बोटांसकट चोखत होतं. वाटी संपली तेव्हा त्यांच्या हाताला कालवण माखलं होतं. आमच्याकडे असा हात कोणी धुवत नाही, आधी चाटतात. मामंजींनी हात तसाच धरून पोराला माझ्याकडे दिलं आणि मोरीवर जाऊन राखेनं दोनदा धुतला.