पाण्यातला खंडोबा

आमच्या धर्मापुरीत साखराबाईशी भांडायला कुणी धजत नाही. माणसं पुरेनात म्हणून की काय, तिनं शेवटी देवाशीच भांडण काढलं.

कारणही तसंच होतं. शेळ्यांना पाला तोडायला तिचा नवरा आप्पाराव कडुलिंबावर चढला. साठी उलटलेल्या माणसानं झाडावर चढू नये, हे त्याला शेळ्यांनीसुद्धा सांगितलं असतं. फांदी मोडली आणि तिच्याबरोबर कंबरही. लेक शिवकन्या अंबाजोगाईला दवाखान्यात बापाजवळ राहिली आणि साखराबाई शेळ्यांपायी घरी अडकली. तो पुन्हा चालेल का, ते डॉक्टरही सांगेनात.

तेव्हा तिनं देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक उचलला आणि पातेल्यातल्या पाण्यात बुडवला. अडलेली माणसं देव पाण्यात ठेवतात, पण हात जोडून. हिनं दम भरला, "माझा माणूस उभा राहिस्तोवर तू बी आत बस." वर नैवेद्यही बंद. शिक्षा म्हणजे शिक्षा!

शेजारच्या छबुबाईच्या अंगात दर रविवारी खंडोबा येतो. त्या रविवारी तो आला तो थेट साखराबाईच्या अंगणात. केस मोकळे, कपाळभर भंडारा. सगळी गल्ली गोळा झाली. खोटं कशाला बोलू, मी तर पुढची जागा धरली होती.

"मला बुडवणारी तू कोण गं?" देव गरजला. "म्या डोंगर केले तवा कुठं व्हतीस? बाभळीला काटा कोण देतं? शेळीच्या पोटात करडू कोण वाढवतं?"

दुसरी कुणी असती तर पाया पडून मोकळी झाली असती. साखराबाईनं पदर खोचला.

"वाढवतूस तू, पर आडवं आलं की हात म्याच घालते! काटा तू देतूस, काढते मी. आता माझं ऐक. ह्यो झाडावरनं पडला, तवा तू कुठं व्हतास?"

देव घुमायचा थांबला. छबुबाईचा ऊर धपापत होता. मग देव हळूच म्हणाला, "जेवलीस का?"

नवऱ्याला जीपमध्ये घालतानाही जिनं टिपूस गाळलं नव्हतं, ती साखराबाई मटकन खाली बसली. "न्हाई," म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. तिची चूल कधीची थंड होती. आम्ही रोज तिच्या दारावरून ये-जा करत होतो, पण हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

अंगातलं वारं गेल्यावर छबुबाईनं तोंड धुतलं, घरून भाकरी-पिठलं आणलं. मघाशी बोललं कोण, देव की तू, असं मी तिला विचारलं. "मला काय ठावं?" म्हणाली.

साखराबाईनं घास मोडला, पण तोंडात घातला नाही. उठली आणि पातेल्याच्या काठाशी ठेवला.

"जेव," ती खंडोबाला म्हणाली. "तू बी उपाशीच हायस. पर ह्यो उभा राहिल्याबिगर भाईर काढायची न्हाई."