बदकीचा उजवा डोळा

मोशीत आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एका काकांचं जुनं घर. सकाळी सात-दहाच्या कंपनी बससाठी मी तिथेच थांबतो. चाकणला मशीन चालवून निवृत्त झालेले ते काका तेव्हा पायरीवर बसून मांडीवरच्या पाळीव बदकीच्या उजव्या डोळ्यात औषध घालत. एका हाताने पंख दाबून धरायचे, दुसऱ्याने मोजून तीन थेंब. मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही.

दहा दिवस झाले तरी मिटलेला डोळा उघडेना. डोळा जाईल, असं डॉक्टर बोलून गेले होते. अकराव्या दिवशी मी तिचं पाण्याचं ताट पाहिलं. पाणी जेमतेम बोटाच्या पेराएवढं.

"काका, यात नुसती चोच बुडते. डोळा कसा धुणार ती?"

"बुडंल म्हणून खोल पाणी ठेवत न्हाई."

दारातून काकू हसल्या. "अवो, बदक हाय ती!"

काका हसले नाहीत. "मशीनवर काम बिघडलं की आमी पयलं मशीन गार ठेवणारं कूलंटचं पाणी तपासायचो. अन् घरचं पाणी बघितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी पायरीजवळ काठोकाठ भरलेला टब होता. बदकी त्यात डोकं बुडवून झटकत होती. औषध चालूच होतं.

टब ठेवल्यापासून सहाव्या सकाळी बस येताच काकांनी तिला दोन्ही हातांनी उंच धरलं. "उघडला! साहेब, उघडला!" बसमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. काळाभोर, वाटोळा डोळा आमच्याकडे टक लावून बघत होता.

तेवढ्यात बदकी निसटली आणि धपकन टबात पडली. काकांचा हात तिला धरायला पुढे गेला. मग त्यांनीच तो मागे घेतला.