गौरीचे पाच दिवस

वकिलांकडे जाण्याआधी मी दिवस मोजून ठेवले होते. धाकट्या बहिणीला तिच्या नवऱ्याने घाटकोपरला आमच्याकडे आणून सोडलं, त्याला बाराशे अठरा दिवस झाले होते. तो नागपूरला बदलून गेला. जागा मिळाली की नेतो म्हणाला, आणि नंतर एकाही पत्राला उत्तर आलं नाही. बहीण तेव्हा सव्वीस वर्षांची, शाळेत शिकवत होती. "मला कुणाची वाट पाहायची नाहीये, दादा," ती म्हणायची. "एवढं कागदावर लिहून मिळालं की झालं."

हिंदू विवाहाचा पंचावन्न सालचा नवा कायदा नुकताच आला होता. नवऱ्याने सलग दोन वर्षं टाकलं असेल तर आधी कोर्टाकडून वेगळं राहण्याचा हुकूम, आणि त्यानंतर दोन वर्षांनी घटस्फोट, असं वकिलांनी समजावलं. मी माझा कागद पुढे केला. दोन वर्षांचे दिवस सातशे तीस, म्हणजे आमच्याकडे चारशे अठ्ठ्याऐंशी जास्तच होते.

वकिलांनी कागद वाचला आणि विचारलं, "मधे ही सासरी गेली होती का कधी?"

"दर गणपतीत," मी अभिमानानेच म्हणालो. "पाच दिवस कुर्ल्याला. गौरीला सून घरात हवी. आमच्याकडून काही कमी पडलं, असं कुणाला म्हणता येणार नाही."

"आणि नवरा?"

"तोही रजा घेऊन येतो, आईकडे."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही हिशेब तपासण्याचं काम करता ना? मग हे पाच दिवस कुठे धरलेत?"

मी माझा कागद पुन्हा वर-खाली पाहिला. बहीणच पुढे सरकून म्हणाली, "ते पुरुषांबरोबर गॅलरीत झोपतात, मी बायकांबरोबर स्वयंपाकघरात. गेल्या वर्षी पाच दिवसांत एकदा 'पाणी दे' म्हणाले. बस."

"माझा विश्वास आहे, ताई. पण समोरचा वकील म्हणेल, बायको नवऱ्याच्या घरी राहिली, सणवार केले, मग टाकलं कुठे? गॅलरी न् स्वयंपाकघर कोर्टाला कोण सांगणार?"

सांगू शकेल अशी एकच बाई होती, तिची सासू. नाहीतर गेल्या गौरीपासून नव्याने मोजायचं आणि यंदा पाऊल टाकायचं नाही. मी तिथेच मोजलं. तीनशे एक्केचाळीस झाले होते, तीनशे एकोणनव्वद उरले.

वाटेत बहीण माझ्या पुढे चालत होती. रेल्वेच्या फाटकाशी थांबावं लागलं, तेव्हा म्हणाली, "तिन्ही वर्षं मी जात नाही म्हणत होते. आठवतंय ना?"

आठवत होतं. लोक काय म्हणतील ते मी तिला सांगत बसलो होतो. तिसऱ्या वर्षी तर तिची पिशवी मीच भरली होती.

पुढचे आठ-दहा दिवस मला एका जागी बसवेना. गौरीचं बोलावणं करायला बहिणीच्या सासूबाई दरवर्षी स्वतः यायच्या, त्यामुळे जिन्यावर पाऊल वाजलं की मी दाराशी. आणि एका दुपारी सासूबाई आल्याच, नेहमीसारख्या, नारळ घेऊन. बाई वाईट नव्हत्या. बहिणीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "किती वाळलंस गो! यंदा दोन दिस आधीच ये. माझे गुडघे धरलेत."

बहिणीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. "आई, तुमच्या घरी मी कुठे झोपते?"

"असं काय विचारतेस? माझ्या बाजूला."

"हे कोर्टात सांगाल?"

त्यांनी कप हातात घेतला होता, तो तसाच खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "माझा पोर आहे तो. त्याच्या विरुद्ध मी उभी राहू?"

"मग मी येणार नाही."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तरी सांगा हिला. तुमचं ऐकते ती. निदान गौरीच्या जेवणाला, दुपारपुरती."

दुपारपुरतीने काय बिघडतं, हे शब्द माझ्या तोंडात आलेच होते. "नाही," मी म्हणालो. "यंदा नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. ती मोकळी होईपर्यंत नाहीच."

चहा तसाच टाकून त्या उठल्या. जिना उतरताना त्यांना आधार द्यायला बहीण खालपर्यंत गेली. मी गॅलरीतून पाहत होतो.

वर येऊन बहिणीने कप उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. "दादा, सासू आपल्याकडे आली, तिने बोलावलं, आणि मी गेले नाही. याचा उलटा अर्थ नाही ना लावणार कोर्ट? म्हणजे त्यांनी नेलं असतं, मीच गेले नाही, असा? वकिलांना विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं.

"मग चल," ती म्हणाली. मी चपला शोधेपर्यंत ती अर्धा जिना उतरली होती.