आप्पांच्या खाचांच्या पट्ट्या

नव्वदनंतर नवी मुंबईत जुईनगर वसत होतं, तेव्हा तिथे आमचं मेडिकलचं दुकान होतं. लायसन्स माझ्या फार्मसीच्या डिप्लोम्यावर मिळालेलं, पण दुकान चालायचं आप्पांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर. मुंबईच्या एका दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं कंपाउंडरकी केली होती. डॉक्टरांचं कसलंही गिचमिड अक्षर ते झटक्यात वाचायचे. मला त्यातलं अर्धं लागायचं नाही, आणि भिंतीवर फ्रेम मात्र माझ्या सर्टिफिकेटची.

आसपासच्या गावांतल्या बायका खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन विचारायच्या, "डाक्तर, कवरा घेवाचा?" किती घ्यायचं हे बाटलीवर लिहिलेलं त्यांना वाचता येत नसे. आप्पा कागदाची पट्टी कापून, डोसागणिक खाच पाडून ती बाटलीला चिकटवायचे. "एका वेळी औषध एकच खाच उतरलं पाहिजे हां, मावशी." मी वैतागायचे, "आप्पा, आता कोणी असं करतं का?"

एका दुपारी मी घरी जेवायला गेले होते. मी नसताना चिठ्ठीवरची औषधं द्यायची नाहीत, असा नियम. आप्पा चिठ्ठीवरच्याच एका औषधाच्या बाटलीला पट्टी चिकटवत होते. समोरच्या माणसाने विचारलं, "फार्मासिस्ट कोण?" पोरगी जेवायला गेलीये म्हणाले असते, तर कदाचित निभावलं असतं. पण ते ताठ होऊन म्हणाले, "मीच की! तीस वर्षं!"

तो औषध निरीक्षक होता.

मी धावत आले, तेव्हा आप्पा अंगातल्या पांढऱ्या कोटाची घडी घालत होते. साहेब तसे वाईट नव्हते. म्हणाले, लेखी द्या, हे गृहस्थ फक्त मदतनीस आहेत, यांना औषधांचं ज्ञान नाही, पुन्हा औषधांना हात लावणार नाहीत. नाहीतर लायसन्स रद्द. मी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

"लिही गं," आप्पाच म्हणाले. "घर चालतं यावर."

मी लिहिलं. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण 'ज्ञान नाही' लिहिताना मला स्वतःची जी लाज वाटली, ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा दुकानाबाहेरच्या बाकावर बसायला लागले. एखादं अक्षर लागलं नाही की मी चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडे जायचे. "मला कुठे कळतं त्यातलं?" म्हणायचे. रागाने नाही, खरंच वाटत असल्यासारखं.

महिनाअखेरीस ते स्वतःची ब्लडप्रेशरची चिठ्ठी घेऊन काउंटरसमोर गिऱ्हाइकांमागे उभे राहिले. त्याच गोळ्या ते कित्येक वर्षं घेत होते. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "कधी घ्यायच्या?"