गुलाबरावांची द्वितीया

डॉक्टरांची चिठ्ठी खिडकीतून आत आली की गुलाबराव कानावरची लाल पेन्सिल काढत आणि डॉक्टरांचं लॅटिन तपासत. रोगी कण्हत असला तरी त्याला थांबावं लागे. व्याकरण आधी, औषध मग.

मारेगाव भागातल्या एका लहानशा दवाखान्यात ते कंपाउंडर होते. त्या काळी औषधाच्या चिठ्ठ्या लॅटिनमध्ये लिहीत. गुलाबरावांचं शिक्षण मराठी सातवी. लॅटिन त्यांनी तरुणपणी मिशनच्या दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून उचललेलं. औषधाबाहेरचं एक वाक्य येत नव्हतं. रोमन लोक दिवसातून तीनदा, जेवणानंतरच बोलत असावेत, असा त्यांचा समज होता की काय कोण जाणे! पण नामाच्या विभक्ती तोंडपाठ. ज्यांना त्या येत नसत त्यांची गुलाबरावांना कीव येई; म्हणजे जवळजवळ सगळ्या यवतमाळ जिल्ह्याची.

मी तेव्हा गावोगाव देवीची लस टोचत सायकलीवर हिंडत असे. तिशी आली होती. कंपाउंडरची परीक्षा पास झालो तर एका जागी बसायला मिळणार होतं, आणि लॅटिननं मला दोनदा आपटलं होतं. म्हणून सवड मिळेल त्या दुपारी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसे.

"'अक्वे' कोणती विभक्ती?"

"प्रथमा," मी चाचरत म्हणे.

"षष्ठी! पाण्याचा एक औंस घे, असं लिवलं हाये. नुसतं पाणी घे म्हटलं तं सारी विहीर पाजतं काय पेशंटले?"

संबोधनही शिकवा म्हटलं, तर म्हणाले, "कायले? एरंडीच्या तेलाले हाक मारायची हाये का तुले?" आणि लॅटिनच्या पंचमीबद्दल त्यांचं ठाम मत होतं : "आपली तृतीया, पंचमी, सप्तमी, तिघींले या रोमन लोकायनं एकाच खोलीत कोंबलं. म्हणून तं राज्य बुडालं त्यायचं."

मग नागपूरहून नवे डॉक्टर आले. तरुण, हुशार, घाईचे. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या चिठ्ठ्या लाल होऊन परत जाऊ लागल्या. डॉक्टर भडकले. "गुलाबराव, मी रोगी तपासायचे आणि तुम्ही माझे पेपर? पुन्हा चिठ्ठी परत आली तर वर तक्रार करीन." गुलाबरावांच्या पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. महिनाभर त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. चेहरा असा, की घरात सुतक पडलंय.

एका बाजाराच्या दिवशी मुकुटबनकडच्या तांड्यावरून सोनीबाई नावाची बाई आली. डोळे लालभडक. तिची चिठ्ठी वाचता वाचता गुलाबरावांनी खिशातली पेन्सिल बाहेर काढली. "'इन ऑक्युलो' लिवते! सहन करू तरी किती?"

"भाऊ, बोली कोनती बी लिवा," सोनीबाई म्हणाली, "मले दवाई द्या. आग होऊन राह्यली."

पण गुलाबराव चिठ्ठी घेऊन थेट डॉक्टरांच्या खोलीत. मी मागोमाग. "साहेब, इथं सप्तमी लावली का थेंब आधीच डोळ्यात हाये. द्वितीया लावली, 'इन ऑक्युलम', का थेंब बाहेरून डोळ्यात जाते. थेंब अजून बाटलीतच हाये ना?"

डॉक्टरांनी फाडायला म्हणून चिठ्ठी हिसकावली, त्यांची नजर वर लिहिलेल्या औषधाच्या नावावर गेली आणि चेहरा पांढरा पडला. आधीचा रोगी कानाचा होता. हाताच्या ओघात त्याचंच औषध पुन्हा लिहिलं गेलं होतं. कार्बोलिक. कानात चालतं, पण डोळ्यात गेलं असतं तर डोळा जळाला असता.

सोनीबाई योग्य थेंब घेऊन गेली आणि पुढच्या बाजारी स्वच्छ डोळ्यांनी आली. विभक्तीवरून गुलाबरावांनी बाईचे डोळे वाचवले, ही गोष्ट राजूरच्या खाणीपर्यंत पोचली. ते आणखीच ताठ झाले. नाव नुसतं नजरेखालून घालून त्यांनी त्या दिवशी कार्बोलिकची बाटली बूच काढून टेबलावर तयारही ठेवली होती, हे फक्त मी पाहिलं होतं. मी बोललो नाही. माझी परीक्षा जवळ आली होती, आणि खरं म्हणजे औषध मीही वाचलं नव्हतं. 'ऑक्युलो'ची चूक आपल्याला ओळखता आली याच आनंदात मी होतो.

मी पास झालो. दोन वर्षांनी गुलाबराव पेन्शनीत निघाले आणि त्यांची जागा मलाच मिळाली. त्यांच्या निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी त्या प्रसंगाचं तोंडभर कौतुक केलं. गुलाबराव हार सावरत उठले. 

"साहेब, मी औषध ध्यान देऊन वाचलंच नोतं," ते म्हणाले. "मले फक्त चूक दिसली. विभक्ती बरोबर लिवली असती ना, तं मी बाईले ते थेंब देऊन दिले असते."

 डॉक्टर खाली पाहत हळूच म्हणाले, "लिहिताना मीही वाचलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी खिडकीत मी बसलो. पहिली चिठ्ठी आली. विभक्ती चुकलेली होती. मी औषधाचं नाव दोनदा वाचलं आणि समोरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबाजी, दुखून कुठं राह्यलं?"