लोकरीच्या दाढीचा काझी

काझी व्हायला आमच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, एकही बाई तयार नव्हती. सगळ्यांना नवरीच व्हायचं होतं, साठी उलटलेल्यांनासुद्धा. शेवटी शेजारच्या आपांनी उरलेल्या लोकरीची दाढी माझ्याच कानांना अडकवली. "दीदी, आवाज तो आपका ही भारी है."

आपा शुक्रवारी दुपारी मुस्लिम बायका-पोरींना घरी जमवून त्यांचे हक्क समजावत. मी मराठी हिंदू, खरं तर भज्यांसाठी जायची. निकाहनाम्यात मुलीलाही अट घालता येते, हा आपांचा लाडका विषय. आता त्यांच्याच भाचीचा निकाह ठरला होता आणि तिला बीरगांवच्या शाळेतली नोकरी सोडायची नव्हती. सासरचे तोंडी हो म्हणाले होते. त्या होवर आपांचा काडीचा विश्वास नव्हता. अट लिहून घेतली होती, पण ती सगळ्यांसमोर वाचल्याशिवाय पोरीनं 'कबूल' म्हणायचं नाही, असं ठरलं. पोरगी भित्री, म्हणून ही तालीम.

मी दरडावायचं, "लड़की, शर्म करो!" आणि तिनं ठणकावायचं, "पहले शर्त पढ़ी जाए!" पहिल्या दिवशी ती रडली. मला मात्र चेव चढला. मी घरीसुद्धा सराव करायला लागले.

"काहून ओरडून राहिली? दाढी काढ अन् मले चहा दे," नवरा म्हणाला. काझी चहा करत नसतात, असं सांगून मी त्यालाच उठवलं.

निकाहच्या दिवशी खरे काझी पुरुषांत बसले. मुलीची संमती विचारायला रिवाजाप्रमाणे तिचे मामू दोन साक्षीदारांना घेऊन आमच्या खोलीत आले. मामू म्हणजे गरीब गाय. त्यांनी गोड आवाजात नवऱ्यानं द्यायची मेहरची रक्कम सांगितली आणि विचारलं, "कबूल है, बेटा?" अटीचं नावच नाही. कोणी दरडावलंच नाही, तेव्हा भांडायच्या तयारीनं बसलेली पोरगी हातावरची मेंदी बघत बसली. आपा ओढणी चावायला लागल्या.

"शरमा रही है, हाँ ही समझो," कोणीतरी म्हणालं. मामू जायला वळले.

"लड़की, शर्म करो!"

हा आवाज माझा होता, हे मला सगळे वळून बघायला लागल्यावर कळलं. तेवढ्यात घुंगटातून ताडकन उत्तर आलं, "पहले शर्त पढ़ी जाए!"

मामूंनी घाबरून चष्मा लावला आणि अट वाचली. लग्नानंतरही मुलगी शाळेत शिकवेल. मग ती "कबूल है" म्हणाली, ते पलीकडच्या पुरुषांनाही ऐकू गेलं.

मुलाची आई तरातरा माझ्याकडे आली. आता ही मला हाकलणार, असं वाटून मी चप्पल शोधायला लागले. तिनं माझा दंड घट्ट धरला.

"मैं भी पढ़ाती थी, दीदी. हमारे निकाह में कहाँ मर गई थीं आप?"