मुठीवरची चीर

सुमे, खाली बस आणि हे पत्र नीट वाच, उभ्याउभ्या नको. मागच्या खेपेला शिंगाच्या मुठीचा तो चाकू तू कढत पाण्यात घातलास आणि मी ओरडले तर हसलीस! त्या मुठीपायी तुझ्या मावशीची काय वणवण झाली, ते ऐक आता.

उल्हासनगरच्या छावणीत सिंधी मंडळी येऊन तीन-चार वर्षं झाली असतील. इकडे हेंद्रेपाड्यात आमच्या परसातला जुना आंबा निम्मा वाळलेला. त्याच ज्येष्ठात कलम बांधलं नसतं तर तो आंबा कायमचा गेला असता. कलम बांधणार तुझे आजोबा, आमचे आबा. आणि त्यांच्या चाकूची लाकडी मूठ नेमकी तेव्हाच फुटली. दुसरा चाकू त्यांच्या थरथरत्या हातातून सुटायचा. "शिंगाची मूठ खरबरीत, ती नाय सुटायची," म्हणाले आणि रानात सापडलेला सांबरशिंगाचा तुकडा माझ्या हातात दिला. एकुलता एक.

तो मी स्वच्छ केला, बाई! सोड्याच्या पाण्यात उकळला आणि कुरडयांशेजारी कडक उन्हात वाळवला.

छावणीत मुठी बसवणारा एक सिंधी कारागीर आहे असं ऐकलं होतं, म्हणून चाकू नि शिंग घेऊन सकाळी बैलगाडीने निघाले. अंबरनाथला देवळापाशी बैल लंगडू लागला. गाडीवान म्हणाला, "मी इथंच थांबतो, तुम्ही या जाऊन." मोठा उपकार! ओढ्याकाठी भाकरी खाल्ली नि चालत सुटले. वाटेत वहाणेचा अंगठा तुटला. छावणीच्या कॅम्प दोनमध्ये सगळ्या लष्करी बराकी एकसारख्या, सगळीकडे गोणपाटाचे पडदे. मी तीनदा फिरून त्याच नळावर! शेवटी पाणी भरणाऱ्या एका बाईने हाताला धरून मुठीच्या कारागिराकडे नेलं.

तिथे आधी भाजलेला पापड नि पाणी पुढ्यात आलं.

"दादा, गाडी खोळंबलीय हो माझी."

"भेण (बहिणी), पापड खा. पहले मेहमान, बाद में गिऱ्हाईक."

मग त्याने शिंग नखाने टोकरलं. "ये किसने उबाला?"

"आमचे वडील जरा जुन्या वळणाचे..." चक्क आबांवर ढकललं मी!

"धूप में भी रखा. अब ये फटेगा. धीरे करना पडेगा."

शिंग उभं कापून त्याच्या दोन पट्ट्या केल्या, आणि खिळ्यांसाठी भोकं पाडायला बसला. गिरमिटाचे चार फेरे, पाण्याचा थेंब, फुंकर, की थांबला. पुन्हा चार फेरे. माझा नुसता जळफळाट!

"दादा, जरा हात उचला की!" एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा त्याने जोर केला आणि कट्! पट्टीला उभी चीर गेली.

त्याने शिंगाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"वडलांनी नाही, मीच उकळलं," मी पुटपुटले.

"मालूम था. मर्द लोग सींग धोते नहीं," म्हणाला आणि हसला. मग चिरेत लाख भरली. "ठंडा होने तक बोलना मत." मी दुसरा पापड घेतला आणि जन्मात पहिल्यांदा तासभर गप्प बसले. मग त्याने पट्ट्या चाकूला खिळ्यांनी ठोकून दिल्या.

दिवेलागणीला घरी पोचले. आबांनी मूठ धरली, अंगठा चिरेवरून फिरवला, तिथेच टेकवला. "वा! अंगठ्यासाठी खाच ठेवलीय. कारागीर हुशार हो!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कलम बांधलं. हात थरथरला, पण चाकू नाही सुटला. आबांना खरं कधी सांगितलं नाही, तुलाच सांगतेय.

त्याच कलमाला यंदा फांद्या वाकेपर्यंत कैऱ्या लागल्यात. लवकर ये, सुमे. चाकू तुझ्याच हातात देईन. चिरेवर अंगठा ठेव आणि सावकाश काप. मी मागून घाई करणार नाही. निदान तसा प्रयत्न करते, बाई.